दोन ब्लॉकांच्या मधली फट

गावातल्या लहान बांधकामांची अंदाजपत्रकं करायची, जागेवर लाइनलेव्हल द्यायची, मोजमापं घ्यायची आणि बिलं काढायची, हे ज्याचं रोजचं काम आहे त्याची शहापूर-मुरबाड भागात पेव्हर ब्लॉकपासून सुटका नाही. काम २५१५ या लेखाशीर्षातून आलेलं असो, ठक्कर बाप्पा योजनेतलं असो की आमदार निधीतलं. यादी उघडली की शाळेचं पटांगण, देवळापुढची जागा, समाजमंदिराचं आवार, स्मशानभूमीची वाट आणि प्रत्येकापुढे तेच दोन शब्द. लोकांना ते हवे असतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. जिथे वर्षाचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, तिथे पायाखाली चिखल नको ही मागणी चैनीची नव्हे. माझं म्हणणं आहे ते त्या ब्लॉकांच्या खाली आणि मध्ये काय भरलेलं असतं याबद्दल. पाणी जिरवणारी फरसबंदी करता येते, आपल्या भागात ती चालतेही. मात्र ती किती वर्षं चालेल हे ठरतं दर मे महिन्यात तिथे कोणी खराटा आणि खुरपं घेऊन बसतं की नाही यावर. ते बसणं आधीच आराखड्यात लिहून, त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेले नसतील, तर असली फरसबंदी करूच नये, इथपर्यंत मी या कामातून आलो आहे.

आधी दोन प्रकारांतला फरक सांगायला हवा, कारण वरून ते सारखेच दिसतात. नेहमीच्या ब्लॉकाला आयएस १५६५८ हे मानक आहे आणि घालण्याच्या पद्धतीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ६३ ही पुस्तिका आहे. त्यात दोन ब्लॉकांमधली फट दोन ते चार मिलिमीटरची, तीत बारीक वाळू, खाली वाळूचा थर आणि त्याखाली रोलर मारून घट्ट बसवलेला भराव. पाणी ब्लॉकांवरून वाहून कडेला जावं, हाच तिथला हेतू. पाणी जिरवणाऱ्या प्रकारात फट रुंद, बोटाचं टोक जाईल इतकी, आणि तीत वाळूऐवजी धुतलेली ग्रीट. खालच्या थरात ग्रीटच, त्याखाली वीस मिलिमीटरची आणि मग चाळीस मिलिमीटरची खडी, तीही डस्ट काढून टाकलेली. अशा खडीत शंभरातले पस्तीस ते चाळीस भाग मोकळी जागा असते. म्हणजे तीस सेंटिमीटर जाडीच्या थरात साडेदहा ते बारा सेंटिमीटर पाऊस नुसता साठून राहू शकतो. मग तो सावकाश मुरमात उतरतो, आणि उतरला नाही तर थराच्या वरच्या अंगाला बसवलेल्या भोकाच्या पाइपातून गटाराला जातो. हवामान खातं चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या पावसाला अतिमुसळधार म्हणतं, हे लक्षात घेतलं तर त्या थराची ऐपत कळते. खडी गावाला नवीन नाही, ब्लॉकही नवीन नाही. नवीन आहे ती फक्त डस्ट नको ही अट, आणि क्रशरवरून निघालेल्या डंपरमध्ये नेमकी तीच सर्वांत आधी मोडते.

या सगळ्याची गरज काय, असं विचारणारे सहसा नदीकडे बोट दाखवतात. २०२१ च्या जुलैत कसाऱ्याजवळच्या उंबरमाळी स्थानकात फलाटाच्या उंचीपर्यंत पाणी आलं. ७ जुलै २०२४ ला भारंगी नदी शहापूर शहरात शिरली, घरांत पाणी गेलं, उभ्या गाड्या वाहून गेल्या. असला पूर पटांगणातल्या ब्लॉकांनी आणला नव्हता आणि पटांगणातल्या खडीने तो थांबणारही नव्हता. तो घाटमाथ्यावरचा, माहुलीच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवरचा पाऊस होता. जो माणूस पाणी जिरवणारे ब्लॉक पूरनियंत्रण म्हणून विकतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावं. आपला प्रश्न त्याहून लहान आणि रोजचा आहे. रस्त्यालगतची भाताची खाचरं प्लॉटिंगसाठी मुरमाच्या भरावाखाली गेली. पूर्वी प्रत्येक खाचर बांधाच्या आत वीतभर पाणी धरून ठेवत असे, ते आता भरावावरून घसरून शेजारच्या सखल घरात जातं. शाळेचं आवार पक्कं झालं की त्याचं पाणी फाटकातून गल्लीत, गल्लीतून कोणाच्या तरी ओटीवर. वाडीतली भांडणं या पाण्यावरून होतात, आणि ती ग्रामसभेत येतात तेव्हा उत्तर एकच असतं: अजून एक गटार. हजार चौरस मीटरच्या पटांगणावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होतं. ते तासाभरात गल्लीत सोडायचं की दिवसभरात, एवढाच खरा वाद आहे.

एक लाख लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, हे वाक्य पुढाऱ्यांना फार आवडतं. आणि इथेच मी सावध होतो. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, भातसा त्यानंतरचं. ही दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर. धरण उशाशी, कोरड घशाशी हे इतक्यांदा लिहून झालंय की आता त्या वाक्यानं कोणाला काही वाटत नाही. पण ती कोरड घालवायला पाणी जिरवणारे ब्लॉक उपयोगी पडतील, असं म्हणणं खोटं ठरेल. आपल्याखाली काळा पाषाण आहे, त्यावर झिजलेल्या मुरमाचा पातळ थर. पाषाणाला पोट नाही, आहेत त्या भेगा. जुलैत मुरलेलं बरंचसं पाणी उतारानं चालत ओढ्याला भेटतं आणि ओढा ते भातसा, काळू, शाई, उल्हास या नद्यांना नेऊन देतो. हिवाळा संपेस्तोवर त्यातलं फार थोडं शिल्लक असतं. डोंगरउतारावरचे सलग समतल चर, ओढ्यावरचे वनराई बंधारे यांचा हिशेब मोठ्या क्षेत्राचा असतो, म्हणून त्यांचा परिणाम थोडाफार तरी दिसतो. गावातलं पक्कं आवार हे शिवाराच्या मानानं नखाएवढं. तेव्हा उन्हाळ्याच्या पाण्याचं आमिष दाखवून हे काम मंजूर करून घेऊ नये. पहिल्याच एप्रिलमध्ये विहीर आटली की लोक म्हणतील तुमचे ब्लॉक फुकट गेले, आणि त्या दिवसापासून त्यांची साफसफाई बंद.

आता मुख्य मुद्दा, तो बुजण्याचा. भातशेती करणाऱ्याला जमीन पाणी कशी धरत नाही आणि कशी धरते हे शिकवावं लागत नाही. खाचरात पाणी जिरू नये म्हणून तो चिखलणी करतो. मातीचे कण पाण्यात सुटे करायचे, पायांनी किंवा नांगरानं ते भोकाभोकांत बसवायचे, की खालचा थर लाखेसारखा बंद होतो. ब्लॉकांच्या फटीत आपण नकळत तीच चिखलणी करत असतो. शेजारच्या उघड्या बांधावरून लाल माती धुपून येते. क्रशर आणि वीटभट्टीच्या गाड्यांच्या टायरांना चिकटून भुकटी येते. शाळेच्या आवारात साग असला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानं गळून चुरा होतात. पटांगणावर भात, नाचणी, मोह वाळत घालतात, त्यांचं तूस आणि कोंडा फटीत जातो. पाऊस आला की हे सगळं भिजून पिठासारखं होतं आणि पोरांच्या पायांखाली, मोटारसायकलींच्या चाकांखाली ते ग्रीटमध्ये दाबलं जातं. सुरुवातीला ब्लॉकाच्या कडेला राखी रंगाची पातळ साय दिसते. मग शेवाळ. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात हरळी मुळं धरते, आणि हरळी फटीत सुखानं वाढतेय याचाच अर्थ तिथे माती जमली आहे. फटीतली ग्रीट खुरप्यानं उकरून पाहिली तर वरचा जेमतेम इंचभर भाग काळपट, चिकट, ढेकूळ होऊन निघतो. त्याखालची ग्रीट बहुतेक वेळा कोरडी आणि सुटी असते. या एका इंचावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

बुजलेली फट पाहून माणसं जे करतात ते तिच्या जिवावर उठणारं असतं. गवत उगवतं म्हणून फटींमध्ये सिमेंटची स्लरी ओतली जाते. दिसायला आवार एकदम स्वच्छ होतं, फोटोही चांगला येतो, आणि पाणी जिरवण्याचा विषय तिथेच संपतो. कोणी पाइप लावून धुतात. उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी धुण्यानं वरची माती आणखी खाली सरकते आणि इंचाचे तीन इंच होतात. शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकतात. त्यानं शेवाळ मरतं, पण मेलेलं शेवाळ फटीतच राहतं. खरा उपाय कोरडा आहे. दसरा-दिवाळीनंतर फटीतला गाळ सुकून तडकतो, तेव्हा ताठ खराट्यानं तो उचलून घ्यायचा. हा पहिला हात. दुसरा आणि मुख्य हात मे महिन्याच्या उत्तरार्धात, मृग लागायच्या आत: जिथे ढेकळं झाली असतील तिथे खुरप्यानं वरचा इंच-दीड इंच ग्रीट उकरायचा, तो चाळायचा किंवा टाकून द्यायचा, आणि धुतलेली नवी ग्रीट भरून वरून खराटा फिरवायचा. परदेशात हेच काम गाळ ओढून घेणारी गाडी करते. इथे त्या गाडीची गरज नाही आणि परवडणारही नाही. आपल्याकडे हात आहेत, आणि उकरायचं आहे ते अगदी वरवरचं. निघालेली माती मात्र आवाराच्या कडेला ढीग घालून ठेवायची नाही, नाहीतर पहिल्या वळवात ती परत जागेवर. ती बांधावर टाकावी. सागाचा पाला असेल तर राबाला नेणारे शेजारी असतातच. कोरडा पाला मिळतोय म्हटल्यावर मार्चमध्ये ते न सांगता झाडून नेतात.

याच कारणासाठी मी छिद्रयुक्त काँक्रीटपेक्षा रुंद फटीच्या ब्लॉकांच्या बाजूचा आहे. छिद्रयुक्त काँक्रीट, म्हणजे वाळू न घालता फक्त खडी आणि सिमेंट यांचं, ज्यात पंधरा ते पंचवीस टक्के पोकळी राहते ते, प्रात्यक्षिकात फार छान दिसतं. टँकर उलटा केला तरी पाणी क्षणात गडप. मोठ्या शहरांतल्या मॉलच्या पार्किंगला ते शोभतंही. गावात मात्र त्याची छिद्रं बुजली की उपाय उरत नाही. खुरपं तिथे शिरत नाही, जेट मारला तर मऊ पडलेली खडी उचटते, आणि एखादा भाग खराब झाला तर तेवढाच काढून दुसरा बसवायला तसा माल पुन्हा बनवावा लागतो, जो तालुक्यात सहसा कोणी बनवत नाही. ब्लॉक मात्र पहारीनं उचलता येतो, खालची ग्रीट बदलता येते, तोच ब्लॉक परत ठेवता येतो. ज्या वस्तूची निगा गावातला माणूस गावातल्या हत्यारानं राखू शकतो, तीच वस्तू गावात घालावी.

पण निगा राखली गेली की नाही हे कळणार कसं? आमच्या धंद्याची सर्वांत मोठी अडचण हीच आहे. एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, चौरस मीटर लिहिले जातात, ब्रास लिहिले जातात, ब्लॉकाची जाडी आणि ताकद लिहिली जाते. फट उघडी आहे की बंद, याला रकाना नाही. गटार तुंबलं तर ते तुंबलेलं दिसतं, वास येतो, तक्रार होते. बुजलेली फरसबंदी मात्र चांगल्या फरसबंदीसारखीच दिसते, किंबहुना जास्त एकसंध. म्हणून मोजमाप हवं, आणि ते सोपं आहे. तीस सेंटिमीटर व्यासाची, दोन्ही तोंडं उघडी असलेली पत्र्याची कडी घ्यायची. ती ब्लॉकांवर ठेवून खालची कड खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीनं बंद करायची. चिकणमातीनं कधीच नाही, नाहीतर जे तपासायचं तेच आपण बुजवणार. आधी साडेतीन लिटरांहून थोडं जास्त, म्हणजे ३.६ लिटर पाणी ओतून जागा भिजवायची. ते अर्ध्या मिनिटात गेलं तर पुढची चाचणी १८ लिटरांनी घ्यायची, नाहीतर पुन्हा ३.६ लिटरांनीच. पाण्याची पातळी आत दीड-एक सेंटिमीटरवर राहील इतकंच ओतत राहायचं आणि घड्याळ पाहायचं. या कडीत १८ लिटर पाणी म्हणजे पंचवीस सेंटिमीटर पाऊस. अमेरिकेतल्या ब्लॉक उद्योगाच्या संस्थेनं ठरवून दिलेली खूण अशी की ताशी अडीचशे मिलिमीटरच्या खाली वेग आला की साफसफाईची वेळ झाली. आपल्या कडीत त्याचा अर्थ १८ लिटरांना एक तास, किंवा ३.६ लिटरांना बारा मिनिटं. नवीन कामात तेच पाणी बऱ्याचदा काही मिनिटांत जातं. आवारातल्या चार-पाच ठिकाणी, विशेषतः फाटकाशी आणि पागोळ्यांखाली, ही चाचणी घेऊन तो वेळ काम ताब्यात घेताना एमबीत लिहिला आणि दर मेमध्ये ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहिला, तर पाच वर्षांनी कोणाला कोणाचं तोंड बघावं लागणार नाही.

इतका वेग कशाला, आपल्याकडे ताशी अडीचशे मिलिमीटर पाऊस कधी पडतो, असं कोणी विचारील. फरसबंदीवर नुसता आभाळातला पाऊस येत नाही. शाळेच्या पत्र्याचं पाणी येतं, बाजूच्या कोब्याचं येतं, आणि बुजणं सगळीकडे सारखं होत नाही. फाटकाशी पूर्ण बंद आणि कोपऱ्यात पूर्ण उघडं, असं असतं. सरासरी राखायची तर हात सढळ ठेवावा लागतो. याहून वजनदार आक्षेप असा की जुलैच्या मध्यापर्यंत जमीन पाण्यानं फुगलेली असते, मुरूमच पाणी घेत नाही, मग फट उघडी ठेवून उपयोग काय. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच खालचा खडीचा थर आणि वरचा पाइप या दोन गोष्टी गाळून हे काम करण्यात अर्थ नाही. जमीन भरली असली तरी थर पाणी धरतो आणि पाइप ते हळू सोडतो. गल्लीत येणारा लोंढा तासाचा दिवसावर जातो. तिसरा आक्षेप चीनकडे बोट दाखवतो. झेंगझोऊ शहरानं ‘स्पंज सिटी’, म्हणजे पावसाचं पाणी शोषणारं शहर, म्हणून मोठा खर्च केला आणि २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडून भुयारी रेल्वेत माणसं बुडाली. यातून पाणी जिरवणारी फरसबंदी खोटी ठरत नाही. तिची कुवत सांगून न ठेवणारे खोटे ठरतात. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदले गेले. त्या दिवसासाठी कोणतीही फरसबंदी नसते. ती असते आषाढातल्या रोजच्या पावसासाठी.

मग साधं गटारच का नको? गटार हवंच. पाइप शेवटी त्यातच सुटतो. गटारवाद्यांचं एक म्हणणं मी पूर्ण मान्य करतो: गटार अर्धं भरलं तरी अर्धं चालतं, आणि साफ करायचं कुठे हे सर्वांना ठाऊक असतं. पण गटारालाही दरवर्षी गाळ काढावा लागतोच, आणि तो गाळ येतो कुठून तर याच आवारांवरून. मोऱ्यांची तोंडं जूनमध्ये ज्या मातीनं आणि प्लास्टिकनं बंद होतात, त्यांचा काही भाग वरच्या अंगाला फटींत अडवला तर तो खराट्यानं निघतो. मोरीच्या ह्यूम पाइपात शिरल्यावर मात्र त्याला माणूस आत घालावा लागतो. तेव्हा एकूण काम वाढत नाही, त्याची जागा बदलते. मात्र काही जागा अशा आहेत जिथे मी स्वतः गटारच सुचवीन. गोठ्याच्या उतारावर, आठवडे बाजारात मासळी बसते तिथे, गॅरेजपुढे आणि विहिरीजवळ पाणी जिरवू नये. पाषाणाच्या भेगेतून घाण फार गाळून न जाता थेट विहिरीत पोचते. डंपर वळतात तिथेही नको. ग्रीटचा थर त्या वजनाखाली सरकतो आणि ब्लॉक हलायला लागतात. उतार जास्त असलेल्या पाड्यावर पाणी फटीत थांबतच नाही, ते वरून निघून जातं. आणि वरच्या बाजूला उघडी माती असेल, तर आधी तिच्या कडेनं आडवा चर काढावा, मगच ब्लॉकांचं नाव घ्यावं.

पैशाचं म्हणाल तर ते आहेत, पण आहेत ते बांधायला. आमदार निधी नवं काम मागतो, फलक मागतो. कंत्राटदाराचा दोष दायित्व कालावधी ब्लॉक खचला, तुटला याला लागू होतो. फट बुजली याला नाही, आणि तशी अट घालू म्हटलं तर दर वाढवून मिळत नाही. त्यातून वाट आहे ती वित्त आयोगाच्या निधीत. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतले साठ टक्के बंधित ठेवले, आणि त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याचं संकलन आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. फरसबंदी हे पावसाच्या पाण्याचं काम आहे असं आराखड्यात नीट मांडलं, तर तिची देखभाल या शीर्षात बसवायला जागा मिळते. पेसा क्षेत्रात, म्हणजे पूर्ण शहापूर आणि मुरबाडच्या काही गावांत, पाच टक्के अबंध निधी ग्रामसभेच्या हातात असतो. दोन्हीकडे अडचण रकमेची नाही. देखभालीचं काम ‘दिसत नाही’ म्हणून ते कोणी सुचवत नाही, ही अडचण आहे. माणसांचा प्रश्न त्या मानानं सोपा. वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं मेच्या मध्यापासून परतू लागतात, पेरणी मृगानंतरची, मधले दोन-तीन आठवडे हाताला काम नसतं. फटी उकरण्याचा नेमका हंगाम तोच. बसून करायचं, सकाळच्या उन्हाआधी उरकायचं काम आहे, आणि भातलावणीत वाकून चिखलात उभं राहण्यापेक्षा ते जड नाही. मजुरी मात्र रोजच्या रोज मिळायला हवी. मस्टर भरून महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणाऱ्या कामाला मेमध्ये कोणी येणार नाही.

राहिला शेवटचा आणि सर्वांत सरळ आक्षेप: मुळात झाकताच कशाला, अंगण उघडं ठेवा, झाडं लावा, पाणी आपोआप मुरेल. शहरातून आलेले फार्महाऊसवाले हे सांगतात तेव्हा मला थोडा राग येतो, कारण त्यांच्या स्वतःच्या गेटपासून पोर्चपर्यंत ब्लॉक असतात. वयस्क माणूस शेवाळलेल्या मुरमावर घसरतो, पोरं चिखल घेऊन वर्गात बसतात, भात वाळवायला कोरडी जागा लागते. या गरजा खऱ्या आहेत. तरी अर्धा आक्षेप मला पटतो. आवार हजार चौरस मीटरचं आहे म्हणून हजार चौरस मीटर ब्लॉक घालायलाच हवेत असं नाही. पायवाटेची चार फुटी पट्टी, वर्गापुढचा ओटा, ध्वजाभोवतीची जागा आणि भात वाळवण्याचा एक कोपरा एवढं पक्कं करावं. बाकी जागेत रोलर न मारलेला मुरूम, वर खडी, कडेला झाडं. मग त्या पक्क्या पट्ट्यांची निगा दोन माणसांच्या आवाक्यात येते. आणि ज्या ग्रामपंचायतीत मेची नोंद कोण ठेवणार याचं उत्तर आराखडा लिहिताना मिळत नाही, तिथे मी आता रुंद फटीचा ब्लॉक सुचवत नाही. साधा ब्लॉक, फक्त चालण्यापुरता, योग्य उतार देऊन, आणि त्याचं पाणी बाजूच्या झाडांच्या खड्ड्यात. खड्डा निदान बुजल्यावर बुजलेला दिसतो.